आगाऊ पेढे वाटणारे हसुरामभाऊ

कंटेनर यार्डाच्या ऑफिसात मी कामाला लागले त्या पहिल्याच सकाळी एका भरघोस मिश्यांच्या माणसाने माझ्यासमोर पेढ्यांचा पुडा उघडा धरला. "घ्या ताय. पोरगी पास झाली." नवी जागा, एकही ओळखीचा चेहरा नाही, त्यात असं गोड स्वागत! मी खूश होऊन पेढा उचलला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "अरे वा, किती टक्के मिळाले?"

"ते नाय माईत. परीक्षा सोमवारी हाय."

पेढा माझ्या तोंडाशीच थांबला. आजूबाजूची मंडळी माना खाली घालून हसत होती. नव्या माणसाची ही परीक्षा असते हे मला नंतर कळलं. तो गृहस्थ मात्र अगदी गंभीर होता. मी पेढा खाईपर्यंत तो समोरून हलला नाही.

हे हसुरामभाऊ. उरणकडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. वडील होडीवर, आजे होडीवर. बंदर वाढलं तसे हे यार्डात चिकटले, आणि मुलीच्या, प्राचीच्या, शाळेसाठी खांदा कॉलनीत राहायला आले. मी लग्न होऊन साताऱ्याहून सुकापूरला आलेली. कंपनीच्या बसमध्ये आमच्या सीट मागेपुढे. त्यामुळे ऑफिसात कमी आणि बसमध्ये जास्त, अशी आमची ओळख वाढली.

त्या पेढ्यांचं काय ते मी दुसऱ्याच दिवशी विचारलं. हसुरामभाऊ आदल्या रविवारी चिरनेरच्या गणपतीला जाऊन पुडा देवापुढे ठेवून आले होते. माझ्या डोक्यात नवस म्हणजे आधी मागायचं आणि काम झालं की फेडायचं. ते त्यांना मुळीच मान्य नव्हतं. "देव काय दलाल हाय, काम झाल्यावर कमिशन द्यायला? घरी पावना आला का आपन आदी पानी देतो, चहा देतो. कामाचं मंग बोलतो. देवाला तेवढी बी रीत नको?"

"आणि काम नाहीच झालं तर?"

"तर काय! तुमी पेढा खाल्ला ना? ग्वाड लागला ना? मंग फुकट काय गेलं?"

प्राची पास झाली, चांगली पास झाली, पण निकालाच्या दिवशी आम्हाला साधी चिमूटभर साखरही मिळाली नाही. "ते झालं की आदीच," म्हणाले. एकदा उन्हाळ्यात गावागावांच्या क्रिकेटच्या स्पर्धा होत्या. त्यांचं गाव फायनलला गेलं म्हणून शुक्रवारी पेढे झाले आणि रविवारी गाव सडकून हरलं. सोमवारी बसमध्ये चढल्या चढल्या मी विचारलं, "काय हसुरामभाऊ, कप कुठे ठेवलाय?" चेहऱ्यावरची रेषही न हलवता ते म्हणाले, "समोरच्या गावानं मलई पेढं वाटलं असनार. आमचं साधं व्हतं."

त्यांचं काम गेटवर. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रेलरवरच्या पेटीचा, म्हणजे कंटेनरचा, नंबर बघायचा, सील शाबूत आहे का पाहायचं आणि आत कळवायचं. कळवायला कंपनीने वॉकीटॉकी दिला होता. तो त्यांच्या खिशात झोपलेला असे. "ह्यात बोललं का पलीकडचा नुसता 'काय? काय?' करतो. हाक मारली का मानूस येतो." आणि खरंच, काय तो आवाज! क्रेनचा खडखडाट, ट्रेलरचे हॉर्न, सगळ्यावरून तो आवाज पार यार्डाच्या टोकाला जाई. बंद काचेच्या आत बसून मला पेटीचे नंबर ऐकू येत. खाडीत एका होडीवरून दुसऱ्या होडीला हाका मारणाऱ्यांच्या घरातला तो गळा.

भाषा त्यांची एकच, घरची. पंजाबी ड्रायव्हर असो की दिल्लीची पार्टी, "ओ पाजी, गारी मागं घे" असंच चाले, आणि पाजी बरोबर गाडी मागे घेई. एकदा नवे मॅनेजर आले. त्यांनी हसुरामभाऊंना बोलावून समजावलं, की बाहेरची माणसं येतात, जरा शुद्ध बोलत जा. हसुरामभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "सायब, शुद्ध बोलाया बसलो तर आदी मनाच हसू येईल. आनि हसू आवरंपर्यंत गारी दारातच उभी रायल." साहेब हसले आणि तो विषय तिथेच मिटला.

पण एकदा मात्र त्यांनी आम्हा सगळ्यांना रडकुंडीला आणलं. मे महिना होता. कोळी-आगऱ्यांच्या घरात तेव्हा आगोटची लगबग असते, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. मासेमारी बंद व्हायच्या आत बोंबील, जवळा, सोडे सुकवून भरून ठेवायचे. हसुरामभाऊ गावाहून आईने दिलेली दोन भली मोठी पोती घेऊन थेट कामावर आले. संध्याकाळपर्यंत उन्हात माल खराब होईल म्हणून त्यांनी ऑफिसातली सगळ्यात थंड खोली शोधली आणि पोती तिथे नेऊन ठेवली. ती खोली होती कॉम्प्युटरच्या सर्व्हरची! तिथला एसी आणि आमचा एसी एकच. दुपारपर्यंत मॅनेजरच्या केबिनपासून पँट्रीपर्यंत सगळीकडे सुक्या बोंबलांचा घमघमाट. त्यात नेमके त्या दिवशी ऑडिटर आलेले, आणि ते कांदालसूणही न खाणारे. बिचारे फाईल नाकाशी धरून बसले होते.

बसमध्ये मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. "अहो, एवढी पोती साठवून करायचंय काय? दुकानं काय बंद होतात पावसाळ्यात?" त्यांनी सीटवरून मागे वळून माझ्याकडे बघितलं. "ताय, आय सांगते, ताजं असंल तवा ताजं खा, उरल त्ये सुकव. पगाराचं बी तसंच हाय. सगला ताजा खाल्लास तर पावसात उपाशी. आनि सगलाच सुकवलास तर जल्मभर सुकंच खा." मग म्हणाले, "तुमी दोघं नवराबायको सगलाच सुकवताय."

मला राग आला. खरं बोललं की येतोच. आम्ही नवराबायको तेव्हा फ्लॅटचे हप्ते, एफडी, आणखी एक एफडी यात इतके बुडालो होतो, की लग्नापासून आम्ही कुठे फिरायला गेलो नव्हतो. साधं बाहेर जेवायचं तरी आधी घरी चर्चा व्हायची. घरी आल्यावर मी तणतणत नवऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "माणूस चुकीचं काय बोलला?" त्या दिवाळीत आम्ही दोघं आठवडाभर केरळला जाऊन आलो. हसुरामभाऊंसाठी केळ्याचे वेफर्स आणले. ते खाऊन म्हणाले, "ह्ये ताजं."

मग गेल्या हिवाळ्यात त्यांचा आवाज बसला. धूळ आहे, थंडी आहे, काढा घेतो, असं करत महिना गेला. गेटवरची हाक अर्ध्या यार्डापर्यंतही पोहोचेना. झोपलेला वॉकीटॉकी खिशातून बाहेर आला तेव्हा मी प्राचीला फोन केला. प्राची आणि मी, दोघींनी धरून बांधून त्यांना पनवेलला डॉक्टरकडे नेलं. स्वरयंत्रावर गाठ निघाली. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती, पण बोलायला स्पष्ट. गाठ काढावीच लागेल, ती कसली आहे ते काढल्यावरच कळेल, आणि आवाज पुन्हा येईल की नुसती कुजबुज राहील, याची खात्री आत्ता देता येत नाही. ज्याचं सगळं आयुष्य हाकेवर चाललं त्याला हे सांगितलं जात होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते ऑफिसात आले. हातात पेढ्यांचा पुडा. टेबला-टेबलापाशी जाऊन, त्या फाटक्या आवाजात, "घ्या, घ्या. गला बरा झाला." कुणाला हसू आलं नाही. माझ्यापाशी आले तेव्हा मी संतापलेच. "हसुरामभाऊ, पुरे झाली ही थट्टा! ह्या वेळी तरी आधी बरे व्हा, मग वाटा. नंतर हवे तेवढे खाईन मी."

त्यांनी पुडा खाली केला नाही. "ताय, नंतर पेढं वाटलं तर 'घ्या' बोलता आलं पायजे ना. आज येतंय, तवर बोलून घेतो."

मी पेढा घेतला. स्वच्छतागृहात जाऊन मी मनसोक्त रडले आणि डोळे धुऊन कामाला बसले.

गाठ साधी निघाली. देवाची कृपा, दुसरं काय म्हणू? आमच्या ऑफिसात त्या दिवशी ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांनीही हात जोडले. पण डॉक्टरने पुढचे काही आठवडे तोंडातून एक शब्द काढायचा नाही असं बजावलं होतं. कुजबुजसुद्धा नाही. आता आवाज उरलाय की गेला, हे ती मुदत संपल्याशिवाय कळणार नव्हतं.

गेट मुकं झालं. त्यांच्या जागी आलेला माणूस वॉकीटॉकीवर हळू आवाजात व्यवस्थित बोलायचा आणि आम्हाला सगळ्यांना त्याचा विनाकारण राग यायचा. ड्रायव्हर विचारायचे, "हसूभाई किधर गया?" एके दिवशी माझ्या फोनवर संदेश आला: "नमस्कार. माझी प्रकृती उत्तम आहे. आपण सर्वांनी काळजी करू नये. कळावे, आपला, हसुराम." मी तो ऑफिसात वाचून दाखवला तर सगळे म्हणाले, हे कुणी लिहून दिलं? मी तडक त्यांच्या बायकोला, वहिनींना, फोन लावला. त्यांचा स्वर रडवेला. "ताय, ह्यो मानूस मना कागदावर लिवून देतो, 'कृपया चहा द्यावा.' कृपया! मना भ्याव वाटतं. कोन परका येऊन बसलाय घरात."

मी त्यांना संदेश पाठवला, की हसुरामभाऊ, ही कुठली भाषा काढलीत? त्यांचं उत्तर लगेच आलं: "लिहायला गुरुजींनी शिकवले. बोलायला आईने शिकवले." वाचून मी हसले, आणि मग ते पुन्हा एकदा वाचलं. गुरुजींनी दिलेलं शाबूत होतं. आईने दिलेलंच पणाला लागलं होतं.

मुदत संपली त्या सकाळी मी अर्धी रजा टाकून दवाखान्यात गेले. वहिनी, प्राची आणि मी, तिघी त्यांच्याभोवती. पहिला शब्द कोणता बोलायचा यावर आत जाण्याआधीच भांडण. वहिनींचं म्हणणं, एकवीरा आईचं नाव घ्यायचं, बाकी काय नाय. प्राची म्हणे, "बाबा, आधी माझं नाव!" मी म्हटलं, पेटीचा नंबर बोला, म्हणजे आवाज आपोआप वर चढेल. हसुरामभाऊ ओठ घट्ट मिटून आमच्याकडे बघत होते. माणूस घाबरला की कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता.

डॉक्टर मुलगी समोर बसली. "बोला काका. घाई नाही. काहीही बोला."

त्यांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. वहिनींनी पदर तोंडाला लावला. डॉक्टर म्हणाली, "पुन्हा. गळ्यावर जोर नको." त्यांनी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, आणि बारीकसा, खरखरीत, पण आवाज आला. "चांगुना."

डॉक्टरला आणि मला काही समजेना. मी तर इकडेतिकडे बघितलं, ही चांगुणा कोण? इतक्या वर्षांच्या ओळखीत मी त्यांच्या तोंडून वहिनींसाठी 'अगो' सोडून दुसरा शब्द ऐकला नव्हता. त्यांच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही, लग्नातल्या उखाण्यापुरतं घेतो. चांगुणा म्हणजे वहिनी, हे मलाही त्या क्षणी कळलं. त्या आवाजाला पुढे थोडी धार आली, पण गेटवरची ती हाक काही परत आली नाही. त्या सकाळी मात्र कुणाला त्याची फिकीर नव्हती. प्राची हसत होती की रडत होती ते तिलाच ठाऊक. मी तर सरळ रडत होते.

वहिनींनी पदर खाली घेतला. चेहरा लालबुंद, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि आवाज असा चढलेला की बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावायला लागले.

"एवरा दांडगा आवाज व्हता तवा नाय घेतलंस नाव! आक्ख्या गावाला ऐकू गेलं असतं. आता घेतोस व्हय रं, आता कुनाला ऐकू जानार?"