अवघड विषय

"बीजगणित सोड, आरोग्यशास्त्र घे, मार्क पडतील," असं टिपणीस मास्तरांनी बाळकुमच्या नाथा भोईरला सांगितलं होतं. नाथा गणितासाठी हटून बसला होता, पण मास्तरांना ठाण्याच्या त्या शाळेचा निकाल सांभाळायचा होता. सहा वर्षांनी, छप्पन साली, नाथा अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा, शाळेने भरून द्यायचा कागद घेऊन आला. शाळेत होते त्यांतले सर्वांत अवघड विषय याने घेतले होते का, असं त्यात विचारलं होतं.

"हो लिहा आणि सुटा," हेडमास्तर म्हणाले. "तिकडून कोण बघायला येतंय?"

"मार्क तर चांगले आहेत ना, मास्तर?" नाथाने विचारलं.

"मार्क त्यांनी विचारलेच नाहीत रे."

मास्तरांनी लिहिलं, 'नाही. त्याला अवघडच हवं होतं. मी घेऊ दिलं नाही.' खाली सही केली, टोपी उचलली आणि ते बाहेर पडले.