तिले कोड शे

माझी गाडी सतरा वर्षांची आहे, आणि तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. म्हणून गेल्या महिन्यात डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला, तेव्हा मी ती मेकॅनिकच्या हवाली न करता काडेपेटीएवढं एक यंत्र मागवलं. ते स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवायचं, मोबाइलला जोडायचं, की गाडीला काय दुखतंय ते आकड्यांत दिसतं. त्याला कोड म्हणतात. माझ्या गाडीचा कोड पी शून्य तीन शून्य एक, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. मोबाइलवरूनच तो पुसताही येतो. दिवा विझतो, आणि दोन दिवसांनी परत लागतो.

मग काय, महिनाभर घरात दुसरा विषय नाही. जेवताना कोड, फोनवर कोड. माझी मोठी बहीण आमच्याकडेच राहते. मी सुरू झालो की ती ताट घेऊन उठायची. तिला गाड्यांतलं काय कळणार, असं मी धरून चाललो होतो. बायकोनं एकदा दटावलं, पुरे करा आता. मला वाटलं, कंटाळली.

त्या रविवारी माझ्या मुलीला बघायला कोरीट गावचे पाहुणे आले. मुलगा-मुलगी एकमेकांना आधीच पसंत होते, मोठ्यांनी हो म्हणणं तेवढं बाकी होतं. मुलगी त्या काळजीनं आठ दिवस नीट जेवली नव्हती. पोहे झाल्यावर सगळ्यांना माझ्या गाडीतून प्रकाशा तीर्थाला दर्शनाला न्यायचं होतं, म्हणून सकाळीच मी कोड पुसून ठेवला. पाहुण्यांसमोर दिवा नको. पाहुणे पोहे खात असताना, गाडीचं काय झालं ते विचारायला मेकॅनिकचा फोन आला. मी मागच्या दाराशी गेलो आणि माझ्या नेहमीच्या, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला आमच्या बोलीत सांगितलं,

"तिले कोड शेच. सकायले पुसी टाका, पन परत निघी. वरथीन काहीच दिखत नही, गरम व्हयनी का दिखस. पाव्हना जातस तवलोंग निघाले नको, बस."

वळलो तर मुलाचे मामा नळापाशी हात धुवायला आलेले. ते ओल्या हातांनीच आत गेले.

मी आत पोचलो तेव्हा पोह्यांच्या बशा खाली ठेवलेल्या होत्या. मुलाचे वडील शांतपणे म्हणाले, "पोरले कोड शे, हाई आम्हले आगाऊ सांगाले पाहिजे व्हतं."

मला आधी अर्थच लागेना. मग लागला. कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. आमच्याकडे या एका शब्दावर ठरलेली लग्नं मोडतात. मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिच्या तोंडाकडे बघवेना. मी मामांना हाताला धरून गाडीपाशी नेलं, इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं. एरवी ज्या कोडाला शिव्या घालायचो, तो एकदाचा निघावा म्हणून मी मनात देवाला हात जोडले. मोबाइलवर 'कोड' असं लिहून खाली आकडे उमटले. मामांनी ते दोनदा वाचले, कपाळाला हात लावला आणि हसत सुटले. मग घरभर हसू झालं.

मुलाच्या आईनं मात्र हळूच विचारलं, की मग घरात कुणालाच तसं काही नाही ना?

"नही," मी म्हणालो. "आमना घरमा कोनलेच नही."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. बहीण तेव्हा भिंतीपलीकडे चहा गाळत होती. बाविसाव्या वर्षी तिच्या हातांवर पांढरे डाग आले आणि सासरच्यांनी तिला परत पाठवलं. माझ्या मुलीला तिनंच वाढवलं. पाहुणे आले की ती बाहेर येत नाही, आणि आम्हीही ये म्हणत नाही. तीस वर्षं हा शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढला नव्हता. गेला महिनाभर मी तो तिच्यासमोर दिवसातून दहादा म्हणत होतो.

होकार झाला, पेढे झाले, प्रकाशाही झालं. पाहुणे गेल्यावर मी हसतहसत स्वयंपाकघरात गेलो. बहीण कपबशा विसळत होती. तिनं मान वर केली नाही.

"गाडीना कोड पुसाले तुले मशीन लागस, भाऊ. माले तू नुसतं बोलीसन पुसी टाकं."

मी तिथेच पाटावर बसलो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मुलीनं हे ऐकलं, बाहेर जाऊन माझा मोबाइल आणला आणि माझ्या हातात दिला.

"पप्पा, त्यासले खरं सांगा," ती म्हणाली. "मन्हा लगीनमा आत्या सगळासना म्होरे उभी ऱ्हाई."

मी तिला म्हटलं, बाई, ठरलेलं मोडेल. ती हलली नाही. मी फोन लावला आणि मुलाच्या वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, घरात विचारून कळवतो.

आज चौथा दिवस. त्यांचा फोन आलेला नाही. गाडीचा दिवा परत लागलाय, पण कोड पुसायला माझा हात धजत नाही. मुलगी मात्र त्या रात्रीपासून पोटभर जेवते, आत्याच्या ताटात.