चूक कुमुदताईंची नव्हती

कुमुदताईंची आणि माझी ओळख झाली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, इंदिरानगरमधल्या त्यांच्या घराच्या दारातच. फ्रेंचची परीक्षा नुकतीच पास होऊन मी भाषांतराचं काम मागायला गेले होते. ताई चपला घालत होत्या. "चल, वाटेत बोलू," म्हणाल्या आणि मला रिक्षात बसवून थेट मखमलाबादच्या एका द्राक्षबागेत घेऊन गेल्या. ताई फ्रेंचमध्ये भाषांतर करत होत्या त्या इंग्रजी माहितीपुस्तिकेत नुसतं 'कटर' लिहिलं होतं. फांदी छाटायची कात्री असेल तर फ्रेंचमध्ये एक शब्द, घडातले मणी विरळ करायची असेल तर दुसरा. ताईंनी बागायतदारांना दोन्ही कात्र्या चालवून दाखवायला सांगितल्या.

"काय ताई, तिकडचे लोकं बी आपल्यावानीच कापता का?" त्यांनी विचारलं.

"कापतात की. बोट कापलं की ओरडतात मात्र फ्रेंचमध्ये."

आधी वस्तू पाहायची, मग शब्द निवडायचा, ही ताईंची पद्धत. पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले तेव्हा पाहण्याचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी पाहून सांगायचं, त्यावरून त्यांनी शब्द ठरवायचा. माझ्या आजारपणात रोज डबा पाठवणाऱ्या ताईंनी माझ्यावर टाकलेला तो सर्वांत मोठा विश्वास होता.

काही वर्षांनी एका कारखान्याच्या फवारणी पंपाची पुस्तिका आली. टाकीवरच्या व्हॉल्व्हपाशी ताई अडल्या. तो प्रवाह बंद करणारा असेल तर 'वान', जादा दाब बाहेर सोडणारा असेल तर 'सुपाप'. मी पंप पाहायला गेलेच नाही. ऊन होतं, कंटाळा होता, एवढंच. "प्रवाह बंद करतो," मी ठोकून दिलं. ताईंनी 'वान' लिहिलं. पुस्तिका छापून परदेशी गेली आणि तक्रार आली. व्हॉल्व्ह दाब सोडणारा होता. पुस्तिकेवर विसंबून कुणी तो घट्ट बंद केला असता तर टाकी फुटली असती.

कारखान्यात जाण्याआधी ताईंनी मला विचारलं, "तू पंप पाहिला होतास ना गं?"

"हो ताई. दाब सोडतो असंच सांगितलं होतं तुम्हाला."

ताई म्हणाल्या, "मग माझाच गोंधळ झाला."

व्यवस्थापकांसमोर त्यांनी चूक स्वतःवर घेतली. "मॅडम, आता नातवंडं सांभाळा," ते हसत म्हणाले. मी शेजारच्या खुर्चीत गप्प बसले होते. त्यानंतर ताईंनी यंत्रांचं एकही काम घेतलं नाही. "आता माझ्या डोक्याचा भरवसा नाही," असं त्या सगळ्यांना सांगत. शिष्यांना फ्रेंच शिकवताना साधा शब्दही दोनदा शब्दकोशात पाहू लागल्या. मी ते पाहत राहिले, रोजनिशीत लिहीत राहिले, पण त्यांना सांगितलं नाही.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त हा लेख लिहायला घेतला तेव्हा त्यांच्या अचूकपणाबद्दलचं एकही वाक्य पुढे सरकेना. म्हणून पंपाची खरी हकिगत त्यात लिहिली आणि छापायला देण्याआधी मी तो त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवला. ताई म्हणाल्या, "इतकी वर्षं मी उगाच घाबरत होते गं."

ताईंनी हा लेख छापायला परवानगी दिली, एक शब्दही न बदलता. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि त्यातला एकही दिवस स्वतःवर शंका घेण्यात न जावो.