क्लच बाबांच्या पायाचा

मामा सेमाडोहला वनखात्यात, त्यामुळे दिवाळीनंतर आमची वरात तिकडे. आमची लहानशी गाडी परतवाड्यापर्यंत खुशाल जायची, अन् घाट लागला की रडायची. एका ठरावीक वळणावर आई आणि आत्या उतरायच्या, चालत वर यायच्या. आत्या दरवेळी ओरडायची, "दादा, तुह्या गाडीले बैल लाव!"

सगळे हसायचे, बाबासुद्धा. पण स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले त्यांचे हात मला दिसायचे. जन्मभर झेंडूची शेती केलेल्या माणसानं हौसेनं घेतलेली ती गाडी होती. एकदा मला म्हणाले, "एक डाव सगळ्यायले मी सोता वर नेईन. कोनाले उतरू देनार नाही." त्यांचा डावा गुडघा तेव्हाच कुरकुरायला लागला होता.

माझं अमरावतीत छोटं गॅरेज आहे. बाई गॅरेज चालवते म्हटल्यावर लोक आधी मालक कुठं आहे विचारतात, त्यामुळे माझं डोकं तसंही सकाळपासून तापलेलंच असतं. मी भंगारातून एक टर्बो आणला, महिनाभर खपून बाबांच्या गाडीला बसवला. टर्बो म्हणजे सायलेन्सरच्या वाटेनं जाणाऱ्या गरम हवेवर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, इंजिन जास्त ओढतं. मी तर हवेतच होते.

बायपासवर बाबांना बाजूला बसवून ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन किंचाळलं अन् गाडी आपली तेवढीच! वर जळका वास.

"क्लच घसरून राहिला वं," बाबा म्हणाले.

"तुमाले काय समजते त्यातलं?" मी खेकसले. त्यांना समजत होतं, तेच खरं. इंजिनाचा जोर चाकापर्यंत क्लच पोचवतो, आणि जुना क्लच जुन्या जोरापुरताच होता. टर्बोच्या नादात मी त्याकडे पाहिलंच नव्हतं. गॅरेजवालीनं असं करावं, म्हणजे हद्दच झाली!

अकोल्याला ट्रॅक्टरचे क्लच बनवून देणारे एक चाचा आहेत. गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी इंजिनाचं काही विचारलंच नाही. म्हणाले, "पाय कोनाचा?"

"मतलब?"

"क्लच कोन दाबनार?"

"चाचा, तुमी सगळ्यात कडक टाका. घसरला नाही पाहिजे बस."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि क्लच दाबून धरणारी प्रेशर प्लेट कडक स्प्रिंगची बसवून दिली. गाडी अशी पळाली की अकोल्याहून येताना मी एकटीच मोठमोठ्यानं गात होते.

दुसऱ्या दिवशी बाबा बसले. कडक स्प्रिंगनं पेडलही जड झालेलं; क्लच दाबला, मांडी थरथरली. फाटकापर्यंत दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा त्यांनी पाय उचलला, उतरले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"तूच चालवत जाय आता," म्हणाले. ना राग, ना काही. रागावले असते तर बरं झालं असतं. बाथरूममध्ये जाऊन मी ढसाढसा रडले. माणसाला गाडी द्यायला निघाले होते अन् होती तीही काढून घेतली.

चार दिवसांनी पुन्हा अकोला. या खेपेला बाबा सोबत. चाचांनी त्यांना स्टुलावर बसवलं, स्वतः समोर उकिडवे बसले आणि आपला तळहात त्यांच्या डाव्या पायाखाली धरला.

"दाबा भाऊ. अजून. दुखलं की सांगा."

बाबांनी दाबलं, थांबले. चाचांनी मान हलवली. मग मला म्हणाले, "बेटा, नुसती स्प्रिंग कडक करून पकड येते असं नाही. प्लेटचं अस्तर बदलतो, ते जास्त धरते. स्प्रिंग नरम घेऊ. पन तुह्या टर्बोले थोडं आवर."

माझ्या टर्बोला! जिवावर आलं, पण गपगुमान टर्बोचा जोर उतरवला.

दिवाळीनंतर घाटात ते वळण आलं. मागच्या सीटवर आत्यानं सवयीनं दाराला हात घातला.

"बस खाली," बाबा म्हणाले आणि ऐन चढावर त्यांनी गाडी चक्क उभी केली. हँडब्रेक ओढलेला, डावा पाय क्लचवर. पाय थरथरत नव्हता. त्यांनी तो हळूहळू सोडला. क्लचनं धरलं, त्यांनी हँडब्रेक सोडला, गाडी जराही मागे सरकली नाही, चार माणसं घेऊन निमूट वर निघाली.

"अरे बाप्पा!" आत्या म्हणाली, अन् दारावरचा हात काढून घेतला. आई पदरानं डोळे पुसून राहिली होती.

मामाकडे जेवणं झाली. परत निघताना बाबा अंगणात गुडघा चोळत उभे होते. मी हात पुढे केला, "द्या किल्ली, आता मले चालवू द्या."

त्यांनी किल्ली मुठीत घट्ट धरली.

"मांगं बस," म्हणाले.