गळती नव्हतीच

गळतीकाकांबरोबर मी एकोणीस वर्षं एकाच इमारतीत काम केलं, पण त्यांना भाऊ किती, हे मला आजही सांगता येणार नाही. मी भांडारात, ते खाली प्रयोगशाळेत. निर्वात भांड्यांमधल्या गळत्या शोधणं हे त्यांचं काम, म्हणून ते नाव. घरात मिळवते ते एकटेच, एवढं ठाऊक होतं.

तिथे एक संशोधक बाई अशाच एका भांड्यात तांब्याच्या चकतीवर निकेलचा थर चढवत. जाडी जेमतेम आठ अणूंची. त्याचं चुंबकत्व कधी थराच्या पातळीत आडवं मिळे, कधी उभं. एकाच जाडीला दोन उत्तरं. बाईंची तीन वर्षं पाण्यात जायची वेळ आली. भांडं गळतंय म्हणून साहेबांनी खापर काकांवर फोडलं. "काका, आता तुमच्या नजरेलाच गळती लागली," असं चारचौघांत म्हणाले. काकांच्या नोकरीची मुदतवाढ त्याच महिन्यात ठरायची होती.

दोन आठवडे काका हेलियमची नळी एकेका सांध्यापाशी धरून बसले. आत काहीच शिरत नव्हतं. शेवटी थकून बाईंची वही चाळली. थर चढवून लगेच मोजलं की चुंबकत्व आडवं; मध्ये जेवून आलं की उभं.

"बाहेरून काही येत नाही हो," ते मला म्हणाले. "भांड्याचं पोलादच हायड्रोजन सोडतं, अंगाला घाम यावा तसं. बाई जेवेपर्यंत तो थरावर जाऊन चिकटतो, आणि निकेलचा स्वभाव फिरतो."

मी मान डोलावली. कळलं किती, देव जाणे.

बाईंनी मुद्दाम थोडा हायड्रोजन आत सोडला. आडवं चुंबकत्व डोळ्यांदेखत उभं राहिलं. "म्हणजे जेवणच नडलं," साहेब हसून म्हणाले. माफीचा शब्द कुणी काढला नाही. मुदतवाढीची यादी आदल्या आठवड्यातच वर गेली होती, तिच्यात काका नव्हते. यादी परत मागवायला हवी, असं मीही कुणाला म्हणालो नाही.

महिनाअखेर ते हत्यारं जमा करायला आले. तीच शेवटची भेट.

"चौदा नंबरचा पाना झिजलाय, तसं लिहा," ते म्हणाले.

"असू द्या हो, कोण बघतंय?"

"नाही, लिहा. बोल्ट नीट आवळला जात नाही त्यानं. उगाच नव्या माणसाला बोलणी बसायची."

"लिहितो."

"बरं, येतो मग."