शेवट आधी सांगणारी पद्माक्का

मुरलीचा फोन आला तेव्हा मी चेन्नईतच, अड्यारला लेकीकडे होते. "मामी, अम्मा आज सकाळी उठली ना, बरीच होती. अर्धी वाटी कांजी प्याली. मग म्हणाली, खिडकी उघड..." असं तो क्रमाने सांगत राहिला. कांजीनंतर खिडकी, खिडकीनंतर अंग पुसणं, मग नर्स आली, मग तो औषध आणायला खाली गेला... पहिल्याच वाक्याला मला सगळं कळलं होतं. तरी मी "हो, मग?", "बरं, मग?" करत राहिले, कारण त्याला ते तसंच सांगायचं होतं. पद्माक्काने, म्हणजे त्याच्या आईने, असं कधीच सांगितलं नसतं. तिने पहिल्या झटक्यात म्हटलं असतं, "ती गेली. आतां बैस, नीट ऐक." आणि मग कांजी, मग खिडकी. स्वतःच्या मरणाची बातमीसुद्धा तिने अशीच दिली असती. ऑटोत बसून तांबरमला निघाले तेव्हा या विचाराने मला रडता रडता हसू आलं, आणि ऑटोवाला आरशातून माझ्याकडे बघायला लागला.

लग्न होऊन सांगलीहून मी तांबरमला आले तेव्हा मला तमिळचं अक्षरही येत नव्हतं. आमचे हे बँकेत, सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. भाजीवाली दारात उभी राहिली की मला घाम फुटायचा. अशाच एका सकाळी शेजारच्या घरातून पदर खोचलेली एक बाई आली, भाजीवालीला दोन शब्दांत गप्प केलं आणि मला म्हणाली, "तुम्ही मराठी कीं? आम्हीहि मराठीच." मला आनंदाने नाचावंसं वाटलं, पण तिची पुढची चार वाक्यं माझ्या डोक्यावरून गेली. तिची माणसं कैक पिढ्यांपूर्वी तंजावरला येऊन तिथलीच झालेली. बरोबर आणलेलं मराठी त्यांनी जपलं आणि वरून त्यात तमिळ कालवलं. सगळं याला ती 'अस्कं' म्हणायची, नको याला 'होना'. पहिले काही दिवस मला वाटायचं, कोणीतरी जुनी बखर तमिळ चालीवर वाचतंय. तिलाही माझं मराठी पटत नसे. "तुमचें मराठी फार पातळ, ताकासारखें," असं ती तोंडावर म्हणायची. तोंडावर न म्हटलेलं तिच्याजवळ काही नसायचंच.

तिला सिनेमाचं वेड होतं. सिनेमाला ती पडम म्हणायची, आणि आठवड्यातून एक पडम झालंच पाहिजे असा तिचा बाणा. मला म्हणाली, चल. मी म्हटलं, मला कळणार काय, कप्पाळ? तर ती आधी दुपारच्या खेळाला एकटी जाऊन ते बघून आली, दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात शेवग्याच्या शेंगा सोलायला घेतल्या आणि सुरुवात केली, "तो मरतो. तिच्या मांडीवर डोकें ठेवून मरतो. आतां ऐक कां मरतो तें." मी ओरडलेच, अहो अक्का, शेवट काय सांगताय! ती शांतपणे म्हणाली, "शेवट ठाऊक नसला कीं माणूस नुसतें शेवटाकडे धावतें. वाटेंत काय काय ठेवलें आहे तें कोण बघणार?" मग तिने पूर्ण गोष्ट सांगितली, कोणाच्या डोळ्यांत केव्हा पाणी येतं इथपर्यंत. संध्याकाळी आम्ही दोघी जाऊन बसलो. एकही संवाद न कळता मी तो सिनेमा असा बघितला की तसा माझ्या भाषेतलाही तोवर बघितला नव्हता. नायक पहिल्यांदा हसला तेव्हाच मला भरून आलं. हा मरणार आहे आणि याला माहीत नाही... शेजारच्या बायका हसत होत्या आणि मी डोळे पुसत होते.

पुढे मला तमिळ येऊ लागलं, मी शाळेत हिंदी शिकवायला लागले, तरी ही रीत सुटली नाही. फक्त एक घोटाळा व्हायचा. अक्का गोष्ट इतकी रंगवून सांगायची की पडद्यावर आलेलं त्यापुढे फिकं पडायचं. एकदा तिने सांगितलं होतं की आई विहिरीच्या काठावर उभी राहते आणि सगळा गाव श्वास रोखून धरतो. मी त्या प्रसंगाची वाट बघत बसले. प्रत्यक्षात विहीर जेमतेम दिसली न दिसली, आणि गाव म्हणजे चार माणसं. बाहेर आल्यावर मी तिच्यावर उखडले. "तुम्ही सांगितलं तसं काही नव्हतंच!" ती म्हणाली, "तें माझें पडम. हें त्यांचें. मी काय करूं?" आणि शेंगदाण्याचा पुडा माझ्यापुढे धरला.

मुरली मात्र आईच्या अगदी उलट्या पिंडाचा. आता मुलं ज्याला स्पॉयलर म्हणतात त्याचा त्याला लहानपणापासून तिटकारा. कॉलेजात असताना तो एका नटाच्या सिनेमाची महिनोन्‌महिने वाट बघत होता, आणि तो लागला त्या दिवशी सकाळी ताटलीत इडली वाढता वाढता अक्का सहज बोलून गेली, "दोघे भाऊ निघतात रे शेवटीं." शेजारणीकडून तिला कळलं होतं. मुरली इडली तशीच टाकून उठला. आठवडाभर तो आईशी बोलला नाही, निरोप माझ्यामार्फत. तेव्हापासून त्यांच्या घरात नियमच झाला, मुरलीसमोर पडमबद्दल अवाक्षर काढायचं नाही. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात लागल्यावरही तो पहिल्या दिवसाचा पहिला खेळ गाठण्यासाठी शिफ्ट बदलून घ्यायचा, दोन दिवस आधीपासून फोन बंद ठेवायचा, आणि इतकं करून पुष्कळदा चेहरा पाडून परत यायचा. "वेस्ट, मामी. काय काय वाटलं होतं..." अक्का आतून म्हणायची, "तूं केळीचें अख्खें पान मांडून बसतोस. मग वाढलेली चटणी तुला दिसत नाही." तो चिडायचा. पण पुढच्या सिनेमाला पुन्हा तेवढंच मोठं पान मांडलेलं असायचं. मला त्याचं ते आवडायचं, खरं सांगते. इतक्या आशेने कुठल्याही गोष्टीची वाट बघणारी माणसं कमी असतात.

गेल्या वर्षी अक्काच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी मुरलीला आत बोलावलं, आणि तो बाहेर आला तो सरळ माझ्याजवळ. फार दिवस नाहीत, असं त्यांनी सांगितलं होतं. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "मामी, अम्माला कळता कामा नये. अल्सर आहे म्हणून सांगू. तिला आशा वाटली पाहिजे. आशा असली तर माणूस जास्त जगतो ना?" आपल्याकडे घरोघर हेच करतात, आणि प्रेमापोटीच करतात. पण ज्या बाईने जन्मभर शेवट आधी मागून घेतला तिच्यापासून नेमका हाच शेवट लपवायचा, हे मला पटत नव्हतं. मी त्याला तसं म्हणालेही. तो म्हणाला, "पडम वेगळं, मामी." आई त्याची होती.

एका दुपारी मुरली कंपनीच्या बसने कामावर गेला होता आणि मी रसमभात घेऊन अक्काजवळ बसले होते. तिने दोन घास खाल्ले आणि हात आखडला. म्हणाली, "मुरली मला अर्धेंच पडम दाखवतो. डॉक्टर तेवढेंही नाही. आतां तूं सांग. शेवट आधीं." मी भात कालवत राहिले. "तुला मी एकहि पडम लपवून दाखवलें नाही," ती म्हणाली. तिने माझं मनगट धरलं होतं, आणि त्या हाडकुळ्या हाताला जोर किती! मी सांगितलं. अक्का, तुम्ही यातून उठणार नाही, असं सरळ सांगितलं, आणि मग दुखणं कोणतं, कुठवर गेलंय, पुढे काय होत जाईल, ते सगळं सांगितलं. मी थांबल्यावर तिने विचारलं, "इंटरव्हल होऊन गेलें?" मी मान डोलावली. ती हसली, आणि हसता हसताच रडायला लागली, तोंड पदरात खुपसून, लहान मुलीसारखी. तिला मी आयुष्यात कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दुपारी पाहिलं. शेवट माहीत असला की भीती जाते असं मी तिच्याकडून इतकी वर्षं ऐकत आले होते... तशी ती जात नाही.

पुष्कळ वेळाने डोळे पुसून ती म्हणाली, "मला कळलें म्हणून मुरलीला कळूं देऊं नकोस. त्याला आधीं सांगितलेलें आवडत नाही." मी तिला शब्द दिला. तो इथे मोडतेय असं कोणी म्हणेल. मुरलीला मराठी बोलता येतं, देवनागरी वाचता येत नाही, आणि हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला आता राहवत नाही. एवढंच माझं समर्थन.

त्यानंतरचे आठवडे आठवले की अजून जीव गलबलतो. मुरली आईला आशा दाखवत होता आणि आई ती आशा खरी मानल्याचं सोंग करत होती. मी दोघांच्या मधे, सगळं ठाऊक असलेली. तो म्हणायचा, पोंगलला तुला तंजावरला नेतो, लहानपणीचं देऊळ दाखवतो. ती विचारायची, कोणती साडी नेऊं? खिडकीची जागा मला, आधींच सांगतें! तो खुशीत जेवायला बसायचा. आधी ती त्याच्या पानाकडे बघायची, भात कमी पडला का, ताक हवं का. आता ती त्याच्याकडे बघायची. तो जेवून उठेपर्यंत नुसती बघत राहायची, आणि त्याने मान वर केली की चटकन भिंतीकडे वळायची. एकदा असंच तंजावरचं चाललं होतं. ती म्हणाली, "देऊळ केवढें मोठें. माझ्यानें अस्कं फिरवायचें नाही. मी पहिल्या गोपुराच्या सावलींत बसतें. तूं पुढें जा. परत येशील तेव्हां मी दिसलें नाहीं तर शोधत बसूं नकोस. जेवून घे वेळेवर." मुरली हसला, "सरि अम्मा, सरि," म्हणत मान डोलावली आणि फोनवर हॉटेल बघायला लागला. मी उठून जिन्यात गेले.

ती पोंगलच्या आधीच गेली. तेराव्याला सगळे नातेवाईक पांगल्यावर मुरली माझ्याशेजारी येऊन बसला. दिवसभर त्याने पाहुण्यांना वाढलं होतं, भटजींचं बघितलं होतं, त्याचे डोळे कोरडे होते. म्हणाला, "शेवटपर्यंत अम्माला काही कळलं नाही. तेवढं तरी माझ्या हातून झालं." मी "हो रे" म्हटलं. पण गेल्या रविवारी तो आमच्याकडे कॉफीला आला तेव्हा त्याचा सूर वेगळा होता. "मामी, मीच चूक केली का?" तो म्हणाला. "तिला माहीत असतं तर जाताना ती मला काही बोलली असती. पुढे कसं राहायचं, काय करायचं, काहीतरी. शेजारच्या घरी जाऊन येते इतकंसुद्धा न म्हणता गेली. सांगणार तरी कशी? मीच सांगू दिलं नाही." माझ्या जिभेच्या टोकावर सगळं होतं. एक वाक्य बोलले असते तर त्याच्या मनातली ही टोचणी गेली असती, आणि त्याच वाक्याने त्याला हेही कळलं असतं की त्याची आई सगळं जाणून, रोज एकटीने, त्याच्यासाठी हसत होती. यातलं कुठलं ओझं त्याला झेपेल? अक्का असती तर तिला विचारलं असतं...

मी एवढंच म्हटलं, "तू तंजावरला जाऊन ये."

"एकटा?" तो म्हणाला. "तिच्याशिवाय काय बघू तिथे? तिने सगळं ठरवून ठेवलं होतं, मामी. खिडकी तिला. मग देवळात..." तो जरासा हसला, आणि आईची नक्कल करत तिच्या सुरात म्हणायला लागला. "मी सावलींत बसतें. तूं पुढें जा. मी दिसलें नाहीं तर..."

तो थांबला. कपबशी हातात तशीच राहिली. बाहेर स्टेशनातून लोकल निघाल्याचा आवाज आला आणि विरून गेला, तरी तो समोरच्या भिंतीकडेच बघत होता. मग अगदी हळू माझ्याकडे वळला.

"मामी... अम्माला..."

मी तोंड उघडलं. मी काय बोलणार होते ते मलाही माहीत नाही. त्याने घाईने हात वर केला, कॉफी बशीत हिंदकळली.

"होना, मामी. होना. सांगू नका."

मी त्याच्या हातातून कपबशी काढून घेतली. तेव्हा कुठे तो रडायला लागला.