चाफेकाकी अबोला धरत नसे

भांडण झालं की माणसं बोलणं सोडतात. चाफेकाकी बोलणं वाढवायची. ज्यानं तिला दुखावलं त्याला ती रोज गाठायची आणि बोलायची. "अबोला धरला तर समोरचा सुटतो की गो," असं तिचं म्हणणं. पापडी गावाजवळ तिची सोनचाफ्याची वाडी होती, म्हणून ती आमच्या सगळ्या बिल्डिंगची चाफेकाकी. मी साताऱ्याहून लग्न होऊन आले, वाडीला लागून असलेल्या बिल्डिंगमध्ये आम्ही फ्लॅट घेतला, आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या गॅलरीतून दुधाची रिकामी पिशवी उडून तिच्या झाडांत पडली. मी खाली जाऊन माफी मागितली. "बरा," एवढंच म्हणाली. पुढं कितीतरी महिने मी भाजीला निघाले की कुंपणापलीकडून हाक यायची, "सातारकरनी, आज काय टाकनार?" त्यातच कधीतरी आमची मैत्री झाली. नेमकी कधी, ते मला सांगता येणार नाही.

छातीतली गाठ तिनं सगळ्यात आधी मला दाखवली. काका ऐकून हातपाय गाळतील आणि अस्मिता, तिची एकुलती एक मुलगी, रडत बसेल, म्हणून. तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला. ऑपरेशनच्या दिवशी सर्जन भेटायला आले तेव्हा तिनं त्यांनाच दम दिला. "काढायचा तर मुळासकट काढ. अर्धा ठेवशील तर मी परत येईन, आनि मग तुझ्याशी भांडेन." शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं, "काढला तो कुठं हाय? मला बघायचा हाय." डॉक्टर म्हणाले, तपासणीला पाठवलाय.

"तपासनीला म्हंजे कापतात ना त्याला पन?"

"हो, अगदी बारीक काप करून बघतात."

काकी समाधानानं डोळे मिटून पडली. "कापू दे," म्हणाली.

ती घरी आली तेव्हा बगलेखालून निघालेली नळी आणि तिच्या टोकाला रक्तपाणी जमणारी छोटी बाटली अंगाला होतीच. पुढं केमो घ्यायची की नुसत्या गोळ्या आणि रेडिएशनचा शेक, ते रिपोर्टवर ठरणार होतं. रिपोर्ट आला, तर त्यावर आणखी एक तपासणी सांगितली. पुन्हा वाट बघणं. भेटायला येणारी माणसं सल्ले देत. मन शांत ठेवा, सगळ्यांना क्षमा करा, असले आजार मनातल्या रागानं होतात. काकी शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "रागानं होत असता तर मला पाळन्यातच झाला असता."

त्याच दिवसांत अस्मिताचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाच्या आईनं फोनवर सांगितलं, "आईचं मुलीत उतरतं म्हणतात. आम्हाला आधी सांगायला हवं होतं. तुमच्याच घरातून कळलं म्हणून बरं."

तुमच्याच घरातून. घर म्हणजे वाडीच्या पलीकडच्या भागात राहणारी काकीची धाकटी जाऊ. मध्यस्थाला विचारलं तर त्यानंही तेच नाव सांगितलं. दोघींचं जमिनीच्या वाटणीपासून वाकडं होतं. अस्मिता म्हणाली, "आई, जाऊ दे. असली माणसं मला नकोतच." काकी काही बोलली नाही. ती गप्प बसली याचीच मला भीती वाटली.

पुढच्या रविवारी त्या जावेच्याच मुलाचा साखरपुडा होता. जावेनं निरोप पाठवला, वहिनींनी जेवायला जरूर यावं, पण आजारी माणसानं ओवाळायला पुढं येऊ नये. काकीनं हिरवी पैठणी काढली. मी ब्लाउजमध्ये भरायला कापूस आणला होता, तो तिनं बाजूला सारला. "सपाट हाय ते सपाट दिसू दे." बाटली तिनं जरीच्या बटव्यात घातली आणि बटवा खांद्याला अडकवला. मी सोबत होते. तिला कुणी अडवलं नाही, कारण असं काही होईल हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

ती सरळ स्टेजवर चढली आणि मुलीच्या आईसमोर उभी राहिली.

"मी मुलाची मोठी काकी. माझ्या छातीत कॅन्सर होता, आत्ताच कापून काढला. ही बातमी तुमच्या विहिनीनं माझ्या पोरीच्या सासरी पोचवली आनि तिचं लग्न मोडलं. तुमच्याकडं पोचवायला मात्र ती विसरली. म्हनून मी आली."

हॉलमध्ये लावलेली सनई कुणीतरी बंद केली. नवरा मुलगा, ज्याला तिनं लहानपणी कडेवर वागवलं होतं, मान खाली घालून उभा होता. मुलीच्या आईनं जावेकडं पाहिलं. "हे खरं आहे?" जावेनं तोंड फिरवलं. मग त्या बाईनं निरांजनाचं तबक उचललं आणि काकीच्या हातात दिलं. "आधी तुम्ही ओवाळा." काकीनं ओवाळलं. एक हात वर जात नव्हता, तरी ओवाळलं. जाऊ खाली, पहिल्या रांगेत, सगळ्या पाहुण्यांच्या नजरांत बसून होती.

परतताना रिक्षात मी विचारलं, "काकी, मोडलं असतं तर? त्या पोराचा काय दोष होता?"

तिनं बटवा मांडीवर घेतला. "मोडला असता तर मोडला असता. माझ्या पोरीचा तरी काय दोष होता?" मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. पण तिचा चेहरा त्या दिवशी ऑपरेशनच्या आधीसारखा दिसत होता, हेही खरं.

केमो घ्यावीच लागली. केस गेले, तोंडाची चव गेली, आवाज खोल गेला. तरी बरं वाटेल त्या सकाळी ती कुंपणापाशी जायची आणि पलीकडं दात घासत उभ्या असलेल्या जावेला विचारायची, "लावलास फोन?" कारण जावेनं एकदा येऊन हात जोडले होते, तेव्हा काकीनं एकच अट घातली होती. "हात जोडू नको. माझ्या पोरीला नाकारलं त्या लोकांना फोन लाव आनि सांग, मी वाईट बुद्धीनं बोलली." तो फोन जावेनं कधीच लावला नाही.

उपचार संपले. दोन पावसाळे चांगले गेले. अस्मितानं नोकरी सोडून वाडी हातात घेतली. मग आजार हाडांत परतला, आणि या वेळी त्यानं काकीला फार भांडू दिलं नाही.

ती गेली त्या दिवशी घराची ओसरी बायकांनी भरली होती. जाऊ उशाशी बसून मोठ्यानं रडत होती. येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती, "मोठ्या मनाची होती हो. जाताना सगळं विसरली. माझा हात धरून म्हणाली, तुला माफ केलं."

मी आयुष्यात कुणाला उलट बोललेली नाही. सासूला नाही, साहेबांना नाही, रिक्षावाल्यालाही नाही. पण शेवटचे आठवडे मी काकीच्या खोलीतच होते, आणि जाऊ त्या खोलीचा उंबरा ओलांडून आत आली नव्हती.

"नाही," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "काकीनं तुम्हाला माफ केलेलं नाही. शेवटपर्यंत नाही."

रडणं थांबलं. कुणीतरी मला गप्प करायला दंडाला धरलं. पण आईच्या पायाशी बसलेली अस्मिता जरा सरकली आणि तिनं मला शेजारी जागा करून दिली.